स्कार्फची गाठ

स्काउटचा स्कार्फ म्हणजे कापडाचा साधा त्रिकोण. तो गुंडाळून गळ्याभोवती घ्यायचा आणि दोन्ही टोके वॉगल नावाच्या कड्यातून ओवायची, एवढीच त्याची रीत. ब्रिटनमध्ये प्रत्येक स्काउट ग्रुपच्या स्कार्फचे रंग ठरलेले असतात. त्यामुळे स्कार्फ पाहिला की मूल कुठल्या ग्रुपचे, हे त्या वस्तीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. आईवडिलांच्या नोकरीपायी परदेशी आलेल्या मुलासाठी हीच मोठी गोष्ट असते. गावात त्याला अजून कोणी नावाने ओळखत नसते, पण लोक स्कार्फवरून ओळखू लागतात.

ब्रिटनमध्ये सहा ते आठ वर्षांची मुले बीव्हर, आठ ते साडेदहाची कब, त्यापुढे चौदापर्यंतची स्काउट आणि अठरापर्यंतची एक्सप्लोरर. २००७ पासून सर्व गटांत मुलगे-मुली एकत्र असतात. शाळेच्या सत्रात आठवड्यातून एका संध्याकाळी सभा भरते. चालवणारे सगळे स्वयंसेवक, आणि ते कमी पडतात, म्हणून प्रतीक्षायादी लांबते. एखादा पालक मदतीला उभा राहिला की जागा निघणे सोपे जाते. मुलाबरोबर आईवडीलही गावात रुजतात ते असे.

आठव्या वर्षी कबमध्ये गेलेल्या मराठी मुलाला पहिल्याच दिवशी ओळखीचे शब्द कानी पडतात. कबच्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हणतात, मदतनिसांना ‘बालू’, ‘बघीरा’. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी ही शाखा उभी केली आणि तिची नावे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधून घेतली. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. त्याच्या कथेतले रान सिवनीचे आणि नदी वैनगंगा, तीच जी पुढे भंडारा-गडचिरोलीतून वाहते. इंग्लंडमधल्या थंड हॉलमध्ये वैनगंगेकाठची नावे अशी दर आठवड्याला हाकेत असतात.

काही आठवड्यांनी दीक्षाविधी होतो. मूल वचन घेते, डाव्या हाताने हस्तांदोलन होते आणि स्कार्फ गळ्यात पडतो. वचनात देव आणि राजा यांच्याप्रति कर्तव्याचा उल्लेख आहे. परदेशी नागरिक असलेले मूल राजाऐवजी ‘मी सध्या ज्या देशात राहतो तो देश’ असे म्हणू शकते, आणि हिंदू मुलाला देवाच्या जागी ‘माझा धर्म’ म्हणता येते. जन्मभूमीशी नाते न तोडता राहत्या भूमीचे ऋण मानणारे हे वाक्य परदेशी वाढणाऱ्या मुलाचे आयुष्य नेमके सांगते.

भारतीय मुलासाठी चळवळीत ही जागा सुरुवातीपासून नव्हती. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले स्काउट शिबिर झाले, तेव्हा श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगारांची मुले एकाच तंबूत राहिली. पण १९०९ मध्ये चळवळ भारतात आली ती ब्रिटिश आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांना दार बंद होते. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पुढे १९५० मध्ये ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ स्थापन झाली. आज मराठी मुलाला ब्रिटिश ग्रुपचा स्कार्फ मिळतो, त्यामागे हा इतिहास आहे.

स्काउटच्या वयात स्कार्फ कामाला लागतो. शिबिरात कोणाचा हात मुरगळला तर तोच झोळी होतो. तो मळतो, विटतो, शेकोटीच्या धुराचा वास धरतो. प्रत्येक लहान संघात सहा-सात मुले असतात. चूल पेटवणे, तंबू ठोकणे, भांडी घासणे ही कामे वाटून घ्यावी लागतात. उच्चार निराळा म्हणून मागे राहणारे मूल इथे पुढे येते, कारण गाठ नीट बसली का, एवढेच विचारले जाते.

जांबोरी म्हणजे स्काउटच्या मोठ्या मेळाव्यात देशोदेशीची मुले स्कार्फची अदलाबदल करतात. कुटुंब महाराष्ट्रात परतले तर इथल्या शाळेतल्या स्काउट पथकात त्या मुलाला ‘खरी कमाई’, म्हणजे छोटी कामे करून पैसे मिळवण्याचा उपक्रम, भेटतो आणि हात पुढे येतो तो डावाच. परदेशी मुले वाढवणाऱ्या पालकांनी जवळच्या ग्रुपच्या यादीत नाव लवकर घालावे, आणि जमेल तर स्वतःचेही स्वयंसेवक म्हणून द्यावे.