फौजेतली शाळा बंद झाली तेव्हा

माझा भाचा सॅन डिएगोला असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो (तिकडे शनिवारची रात्र), हवापाण्याचं बोलून झालं की काहीतरी नवीन सांगतो. मागे एकदा त्याने हेक्टर बाराहास या माणसाबद्दल सांगितलं. जन्म मेक्सिकोतला, लहानपणीच अमेरिकेत आले, अमेरिकन सैन्यात पॅराट्रूपर झाले. पुढे गोळीबाराच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला. नागरिकत्व घेतलेलं नव्हतं, म्हणून शिक्षा भोगून झाल्यावर २००४ साली त्यांना देशाबाहेर काढलं. २०१३ साली या गृहस्थांनी सीमेपलीकडे तिहुआना शहरात, आपल्यासारख्याच हद्दपार सैनिकांसाठी, एक आधारघर उघडलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली आणि २०१८ मध्ये ते रीतसर अमेरिकन नागरिक झाले.

गुन्हा केला तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाच्याने पुढे जे सांगितलं ते मनातून जाईना. सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्या अशा माणसाला जिवंतपणी सीमा ओलांडता येत नाही. मेल्यावर मात्र त्याला अमेरिकेच्या लष्करी दफनभूमीत, झेंड्यासह जागा मिळू शकते. कॅनडातही तेच. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या तिथल्या आदिवासी सैनिकांना परतल्यावर इतर सैनिकांच्या बरोबरीने जमीन आणि कर्जाच्या सवलती मिळाल्या नाहीत. भरपाई जाहीर झाली २००२ साली, वीस हजार डॉलर. तोवर बहुतेक जण गेलेले.

मी भाच्याला म्हटलं, अरे, हे सगळं आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आणि त्याचे पुढारीही पेन्शनरच होते.

कोकणातल्या दापोलीला जुने लोक अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांची छावणी उठली तरी फौजेतले पेन्शनर तिथे राहिले, त्यांत महार शिपाई आणि अंमलदार बरेच होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती पूर्वीपासून होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा जो स्तंभ भीमेकाठी आहे, त्यावर मेलेल्यांच्या नावांत बावीस नावं महारांची आहेत. (त्या लढाईवरून हल्ली जे वाद होतात त्यांत मला शिरायचं नाही. माझा मुद्दा त्या दगडापुरता आहे.)

फौजेने पगार दिला, पेन्शन दिली, पण मला शिक्षक म्हणून सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पलटणीतल्या शाळेची. गावात ज्याला शाळेच्या ओट्यावरही चढू देत नसत, तो शिपाई पलटणीच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकत होता. त्याची मुलं शिकत होती, मुलीसुद्धा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे आमच्याच धंद्यातले! बाबासाहेबांच्या आईचं माहेरही सुभेदाराचंच. एका घराण्यात दोन पिढ्या अक्षर आलं ते छावणीतून आलं.

आणि १८९०च्या सुमारास सरकारने हा दरवाजा लावायला घेतला. लॉर्ड रॉबर्ट्स हे तेव्हाचे सरसेनापती. काही जाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, असं त्यांचं मत. त्या हिशेबात महार बसले नाहीत आणि १८९२-९३च्या सुमारास भरती थांबली. ज्यांची नावं सरकारनेच दगडावर कोरली, त्यांच्या नातवांना सांगितलं की तुम्ही लढवय्ये नव्हेत.

तेव्हा उभे राहिले गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळ गावचे, हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त झालेले आणि जोतीराव फुल्यांच्या विचारांनी घडलेले. त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' नावाची संस्था काढली, वर्तमानपत्रांतून लिहिलं, अस्पृश्यतेवर पुस्तिका छापली, आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून लष्कराच्या वरिष्ठांसाठी अर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, असं एक प्रतिपादन आहे. ते वाचताना मी अडखळतो. ज्या शिडीने खाली ढकललं तिचीच वरची पायरी का मागायची? पण मग विचार येतो, समोर बसलेल्या साहेबाला दुसरी कुठली भाषा कळत होती? त्यानेच जातीवर मोजायला सुरुवात केली होती.

'इंग्रजांचे अर्जदार' असं म्हणून या माणसांना बाजूला सारणारे विद्वान मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. अर्ज कुणाकडे करायचा होता? गावच्या पाटलाकडे? हातात सरकारी पेन्शन होती, पण त्याच हातांना गावच्या विहिरीवर पोहरा सोडायची मुभा नव्हती. १८९५ साली वलंगकरांची महाडच्या लोकल बोर्डावर सरकारने नेमणूक केली, तर त्यांच्यासोबत बसायला बाकीचे सभासद तयार होईनात.

दापोलीच्याच पेन्शनरांची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला भरतीच्या अर्जापेक्षाही मोठी वाटते. १८९२ साली या निवृत्त महार शिपायांनी तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या असा अर्ज दिला. छावणीतल्या शाळेत शिकलेली माणसं ही. मुलं अडाणी राहणार हे त्यांना सहन होईना. त्यावरून जो वाद पेटला तो चालला कशावर, तर मुलांनी वर्गात बसायचं की व्हरांड्यात! मी बरीच वर्षं शाळेत काढली. व्हरांड्यात बसलेल्या मुलाला फळा कसा दिसतो, हे मला ठाऊक आहे. अर्धा दिसतो, आणि पावसाळ्यात तेवढाही नाही.

वलंगकर १९०० साली गेले. काम पुढे उचललं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी. हे स्वतः फौजी नव्हते, मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते, पण वाचन दांडगं. १९०३ साली सासवडला त्यांनी एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं. १९१० साली थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला: सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस आणि फौज आम्हाला मोकळी करा. कोरेगावचा स्तंभ त्यांनी पुराव्यासारखा वापरला. तिथे सभा घ्यायच्या, नावं दाखवायची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, त्यामागेही शिवराम जानबांची खटपट होती.

अर्जांनी लगेच काही झालं नाही. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली, आणि मग मात्र लढाऊ जातींचं शास्त्र गुंडाळून ठेवलं गेलं. १९१७ साली '१११ महार्स' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२० मध्ये ती पंजाबी पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! दुसऱ्या युद्धात पुन्हा तीच निकड आली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, दुसरी बटालियन पुढच्या वर्षी आमच्या विदर्भात, कामठीला. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये साऱ्या जातीधर्मांचे जवान असतात.

नोकरीत असताना दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीची पावतीपुस्तकं आम्ही शिक्षकच फाडत असू. मुलं चार-आठ आणे आणत, छातीवर कागदी झेंडा टाचत. सैनिकांचं ऋण वगैरे भाषणही व्हायचं. पण मी शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत वलंगकर किंवा शिवराम जानबा यांच्यावर एकही धडा मला भेटला नाही.

आमच्या मंगरूळपीरला या रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार आहेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो तेव्हा रांगेत ते पुढे होते. दोन तास तिथे काढायचे होते, म्हणून मी त्यांना ही सगळी हकिकत सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "गुरुजी, पलटनीत आमाले कोरेगाव सांगतलं, पन ह्या व्हरांड्याचं कोनी सांगतलंच नाही." मग विचारलं, वलंगकरांचा अर्ज मराठीत कुठे मिळेल का, नातीला वाचायला द्यायचा आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे त्याची प्रत असेल तर कृपया कळवा. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च मी देईन.