अम्मी, टीव्ही आणि घुमणारा डबा

गेल्या ईदच्या आधी धाकट्या दिराने शारजाहून पैसे पाठवले आणि फोन केला, "भाभी, अम्मीसाठी होम थिएटर घ्या. घ्यायचं तर फाइव्ह पॉइंट वनच घ्या." निवड माझ्यावर आली, कारण घरात बी.एड. मी एकटीच. बी.एड.ला मला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, बालमानसशास्त्र शिकवलं. वायर कुठे खुपसायची ते कुणी शिकवलं नाही. पण शिकलेल्या सुनेला सगळं येतं, असं आमच्या तलासरीच्या घरात सगळे धरून चालतात. बँकेचा फॉर्म मी, गॅसची केवायसी मी, आता सिनेमाही मीच.

खरं कारण सिनेमा नव्हतंच. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूहळू टीव्हीसमोरून उठायला लागल्या होत्या. आधी आवाज वाढवायच्या, इतका की शेजारच्या खाला हसायच्या. मग "क्या बोला वो?" असं प्रत्येक वाक्याला विचारायच्या. मुलं कंटाळून "कुछ नहीं, दादी" म्हणायची. मग त्यांनी विचारणंच सोडलं. "तुम लोग देखो" म्हणून आत जाऊन तसबीह घेऊन बसायच्या. आम्हाला वाटलं, वय झालं, मन इबादतीत लागलं. आपल्या सोयीचं कारण माणसाला किती पटकन सापडतं!

वय वाढलं की कानातून आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून आवाज मोठा केला तरी शब्द कळत नाही, नुसता गोंगाट वाढतो. उर्दूत एका 'स'साठी से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरं मी पोरांकडून घोकून घेते. अम्मींच्या कानातून तिन्ही एकदमच निसटत होती. त्यात हल्लीचे टीव्ही पातळ, त्यांच्या स्पीकरची तोंडं खाली नाहीतर मागे. आवाज आधी भिंतीशी बोलतो, मग आपल्याशी.

खरेदीला आम्ही वापीला गेलो, अम्मींना घेऊन. दुकानदाराने हौसेने फाइव्ह पॉइंट वन लावलं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात जड आवाजाचा एक मोठा डबा, त्याला सबवूफर म्हणतात. मारामारीचा सिनेमा लावला. पडद्यावर काहीतरी कोसळलं, डबा घुमला, पायाखालची फरशी थरथरली, आणि अम्मी उठून सरळ दुकानाच्या दाराबाहेर गेल्या. चप्पलही न घालता.

दुकानदाराला कळलं नाही. आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडी आणि आसपास डहाणू-तलासरीत धक्क्यांची जी रांग लागली, त्यात जमीन हलायची तसा जमिनीतून आवाजही यायचा, सुरुंग फुटल्यासारखा. 1 फेब्रुवारी 2019ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, त्या दिवशी घाबरून पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडून गेली. लोक थंडीत तंबूत झोपत होते. मी वर्ग अंगणात घेत होते. त्या हिवाळ्यात अम्मी कित्येक रात्री दाराजवळच झोपल्या. तो आवाज पैसे मोजून घरात आणायचा?

डबा तिथेच बाद झाला. मागचे दोन स्पीकरही गेले, कारण आमची खोली दहा बाय बारा. रात्री तिथेच गाद्या पडतात, पहाटे जानमाज. वायरी कुठून न्यायच्या? उरली एक लांब पट्टी, टीव्हीपुढे ठेवायची, साउंडबार. मी दुकानदाराला म्हटलं, सिनेमा बंद करा, बातम्या लावा. त्याने मराठी बातम्या लावल्या आणि बोलणं उठून यावं अशी 'व्हॉइस'ची सोय चालू केली. मी अम्मींकडे पाठ करून उभी राहिले आणि विचारलं, काय म्हणाली ती? अम्मींनी अख्खं वाक्य सांगितलं. मग मी किंमत विचारली.

टीव्हीही भिंतीवर टांगला नाही. यांना टांगलेला हवा होता, मुलांनाही. पण 2019पासून आमच्या घरात डोक्यावर जड काही नसतं. बुटक्या, रुंद टेबलावर टीव्ही, मागून पट्ट्याने भिंतीला बांधलेला, आणि पुढे साउंडबार.

घरी आणल्यावर पहिली संध्याकाळ आवाजच नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन भोकं, आम्ही वायर पहिल्यात घातलेली. ज्यावर 'एआरसी' लिहिलेलं असतं, त्यातच ती घालावी लागते. टीव्हीचा आवाज तिथूनच उलटा बाहेर येतो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' चालू करायचं. त्याला प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं नाव ठेवलंय, एवढं ध्यानात असू द्या. ते जुळलं की टीव्हीच्याच रिमोटने दोन्ही चालू, दोन्ही बंद, आवाज कमी-जास्त. ऑप्टिकल वायरने आवाज येतो, पण ही सोय मिळत नाही. साउंडबारचा रिमोट मी कपाटात टाकला. दोन रिमोट म्हणजे अम्मी पुन्हा आत जाणार, हे मला ठाऊक होतं.

दिराने विचारलंच, "बास क्यों नहीं लिया?" अम्मींनी फोन माझ्या हातातून घेतला. "बेटा, बास हमारे यहाँ ज़मीन से मुफ़्त आता है."

आता त्या जेवणानंतर बसतात. मुलांच्या आधी हसतात, कधी कधी मुलांनाच सांगतात तो काय बोलला. कानाची तपासणी मात्र राहिली आहे. "अब तो सुनाई देता है ना" म्हणून टाळतात. समोरून बोललेलं ऐकू येतं, पण मागून हाक मारली तर अजून वळत नाहीत. पुढच्या शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारी डहाणूला घेऊन जाणार आहे.