ओट्यासमोरची खुर्ची

हॉटेलात गेलो की आपण आधी मेन्यूकार्डवरचे भाव बघतो आणि मग काय हवे ते सांगतो. मोठ्या शहरांत आता अशी जागा निघाली आहे, की तिथे गिऱ्हाइकाने काही सांगायचेच नसते. समोर लांब ओटा, अलीकडे दहा-बारा खुर्च्या, पलीकडे आचारी. तो ठरवील ते, तो ठरवील त्या क्रमाने, दोन-दोन घासांच्या ताटल्यांतून पुढे येते. त्या ओट्याला 'शेफ्स काउंटर' आणि त्या जेवणाला 'टेस्टिंग मेन्यू' म्हणतात. जपानात सुशीच्या दुकानांत ही चाल आहे. तिथे गिऱ्हाईक 'ओमाकासे' म्हणते, म्हणजे 'तुमच्यावर सोपवले'. मुंबईत महालक्ष्मीला लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात २०१६ साली 'मास्क' सुरू झाले, ते अशाच ठरलेल्या जेवणासाठी नावाजले. बांद्र्याला २०२४ साली 'पापाज' निघाले. तिथे खुर्च्या बाराच.

वाचक म्हणतील, हे पैसेवाल्यांचे चोचले. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला त्याचे काय? आम्ही कारकुनी करणारे, हिशोब आम्हालाही कळतो. तिथल्या एका माणसाच्या बिलात चाकणच्या मेसचा महिना सहज निघेल. शिवाय रांधणारा ठरवील ते खाणे आपल्याला नवे नाही. चाकण, म्हाळुंगे, भोसरीच्या खानावळींत मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे पाळी सुटली की बसतात आणि मावशी वाढतील ते खातात. फरक एवढाच, की ही आमटी कुठे शिकलात, असे मावशींना कोणी विचारत नाही.

पण त्या ओट्यामागे आता आपलीही पोरे उभी राहू लागली आहेत, म्हणून हा विषय आपला आहे. आमचा भाचा आकुर्डीत वाढला, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आणि मुंबईत अशाच एका ठिकाणी कामाला लागला. तिथली रीत अशी, की ज्याने रांधले तोच ताटली पुढे ठेवतो आणि हा पदार्थ कुठला, कोणाच्या घरचा, ते चार वाक्यांत सांगतो. नव्या मेन्यूसाठी वरिष्ठांनी सगळ्या पोरांना विचारले, तुमच्या घरी खास काय होते? भाच्याने सांगितले, पिठलं-भाकरी.

तो सुट्टीवर आला त्या रविवारी बहिणीने वजडी केली होती. आम्ही विचारले, "अरे, हे का नाही सांगितलेस?"

तो म्हणाला, "मामा, पिठलं सगळ्यांच्याच घरी होतं. वजडी म्हटली की पुढचा प्रश्न येतो, गाव कुठलं, आडनाव काय."

बहीण मध्येच म्हणाली, "दादा, त्याची नोकरी नवी आहे. त्याला भरीस घालू नका."

भाच्याची ही भीती आजची नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि दुसऱ्या कामगारांना तो विटाळ वाटे. त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. हॉटेल कोणाचे, हे सगळ्या गावाला माहीत होते. म्हणूनच त्या चहाला अर्थ आला.

आणि वजडीत कमीपणा कसला? गरम पाण्यात बुडवून सुरीने खरवडायची, हळद-मीठ लावून पुन्हा पुन्हा धुवायची, मग मंद आचेवर शिजू द्यायची. हे कसब आहे. लंडनमध्ये १९९४ साली सुरू झालेले 'सेंट जॉन' हे हॉटेल काळीज, आतडी आणि हाडातली मज्जा यांच्याच पदार्थांनी जगभर गाजले. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे पदार्थ 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात नोंदवले. ते २०१५ साली आले आणि २०२४ साली इंग्रजीतही गेले. परके लोक वाचून शिकतात, आणि आपले पोर मात्र ओट्यामागे उभे राहून गप्प बसते.

तरीही बहिणीचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही. नोकरी त्याची जाईल, आपली नाही. घरी बसून शौर्य शिकवणे सोपे असते. म्हणून आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "तू कधी सांगायचं ते तूच ठरव. पण आईच्या हाताचं प्रमाण आजच उतरवून घे."

बहिणीने कधी काही मोजले नव्हते. "अंदाजानं टाकते," म्हणाली. भाच्याने तिच्या मुठीतले तिखट वाटीत घेऊन मोजले, आच किती वेळ ठेवली ते घड्याळात पाहिले आणि वहीचे दोन्ही बाजूंनी एक पान भरले. जाताना त्याने विचारले, "मामा, याला नाव काय देऊ?" आम्ही काही बोलण्याआधी बहीणच म्हणाली, "वजडीच लिही. दुसरं काय नाव असतं तिला?"

भगिनींनो, आपापल्या घरी अशी एक वही ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहवून घ्या. उद्या त्या ओट्यावर कोणाची ताटली जाईल, ते आज कोणी लिहून ठेवले यावरच ठरणार आहे.