नोंद नसलेली बैठक

६ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादेत मालिनी राजूरकर गेल्या आणि पुढचे आठ-दहा दिवस परिचितांकडून त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा ओघ आमच्याकडे सुरू राहिला. कुणी बागेश्री पाठवला, कुणी टप्पा, कुणी नाट्यपद. आम्ही ते सारे ऐकले. मात्र जी बैठक आम्हाला ऐकायची होती, ती त्यात नव्हती आणि असणारही नव्हती.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. संगीताचे रीतसर शिक्षण दोघांनाही नाही. कान घडले ते कॅसेटींवर, आणि पुढे सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात, भारतीय बैठकीत मांडी अवघडेपर्यंत बसून. तिथे मालिनीताई आम्हाला प्रथम दिसल्या त्या बोटाएवढ्या. आवाज मात्र चहूबाजूंनी येत होता. हजारोंच्या त्या समुदायात श्रोत्याला एक प्रकारचा निवांतपणा असतो. आपण पेंगलो काय, शेजाऱ्याशी कुजबुजलो काय, गाणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

२००६ च्या हिवाळ्यातली पुण्यातली ती बैठक एका रसिक गृहस्थांच्या घरी होती. आम्ही तेव्हा तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. आमच्या एका जुन्या सरांच्या शब्दावर आत शिरकाव झाला. पन्नास-साठ माणसे, सतरंज्या, वडीलधाऱ्यांपुरते लोड, ध्वनिवर्धक नाही. यजमानांनी दारातच हलक्या आवाजात सांगितले, ‘‘टेप तेवढा कुणी लावू नका.’’ आमच्या शबनममध्ये एक छोटा रेकॉर्डर होता. तो तिथेच राहिला.

तंबोरे जुळेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तो वेळ गाण्याचाच भाग आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. मंडपात ही जुळवाजुळव म्हणजे चहाला जाऊन येण्याची संधी! इथे जवारीचा एकेक पदर उलगडताना ऐकू येत होता आणि खोलीतली कुजबुज आपोआप विरत गेली.

मालिनीताईंचे गाणे ग्वाल्हेर परंपरेचे. गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडे त्या शिकल्या. पुढे वसंतरावांशीच त्यांचा विवाह झाला. १९४१ सालचा जन्म, अजमेरला बालपण, गणिताची पदवी आणि काही काळ तिथेच गणिताचे अध्यापन. लयीवरची त्यांची हुकमत या गणितातून आली असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, असे आम्हाला वाटते. पाढे पाठ असलेल्या लाखो माणसांना टप्पा येत नाही.

आणि टप्पा तर त्यांचा खासच. पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यातून तो आला असे सांगतात. लखनौच्या शोरी मियाँनी त्याला मैफलीचे रूप दिले, आणि ग्वाल्हेरवाल्यांनी तो निगुतीने सांभाळला. ख्यालात स्वरावर विसावायला जागा असते. टप्प्यात ती जवळजवळ नसते. छोट्या, तुटक, वळणावळणाच्या तानांची साखळी, प्रत्येक शब्दाला खटक्या-मुरक्यांची किनार, आणि या धांदलीत समेचे भान. ध्वनिमुद्रणात आम्ही हे शंभरदा ऐकले होते. चार हातांवरून ऐकताना जे नवे लाभले, ते म्हणजे श्वास. तान उचलण्यापूर्वी घेतलेला तो निमिषभराचा श्वास ऐकू येत होता. तो कुठे घेतला आणि कुठे घेता आला असता पण घेतला नाही, हेही कळत होते. चेहरा शांत, हातवारे बेताचे. श्रम दिसत नव्हते. केवळ त्या श्वासावरून त्यांचा अदमास येई.

दाद कशी द्यावी हा आमच्यापुढचा पेच. तिथे टाळ्या म्हणजे ओरडण्यासारखेच झाले असते. पुढे बसलेले एक वृद्ध गृहस्थ सम येताच नुसती मान खाली घालत. एकदा ती मान किंचित आधी खाली गेली, सम मागून आली, आणि मालिनीताई हसल्या. फसवले ते बहुधा मुद्दामच. मंडपात असे कुणी कुणाला फसवू शकत नाही; त्यासाठी समोरचा माणूस दिसावा लागतो.

म्हणून ध्वनिमुद्रण वाईट, असे म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांत आम्ही नाही. आमच्या गावात गाणे पोचले ते कॅसेटीवरूनच. खासगी बैठकांचे दरवाजे कुणासाठी उघडतात, हा प्रश्नही दडपण्याजोगा नाही. सरांचा शब्द नसता तर आम्ही बाहेरच राहिलो असतो. यजमानांची अट आम्हाला तेव्हा जाचली होती आणि आजही ती पूर्णपणे पटलेली नाही. आज आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला ती संध्याकाळ ऐकवता आली असती.

शिवाय एक भांडण मिटले असते. शेवटचा टप्पा कुठल्या रागातला होता, यावर आमचे एकमत नाही. आमच्यापैकी एकीला तो काफीतला आठवतो, एकाला भैरवीतला. फरक थोडाथोडका नाही. ऋषभ-धैवत शुद्ध होते की कोमल, हाच तो प्रश्न. मैफल भैरवीने संपते या रूढीनेच तुझी आठवण रंगवली आहे, असे एकीचे म्हणणे. तू त्या दिवसांत काफीचीच कॅसेट घोकत होतीस, असे एकाचे उत्तर. मालिनीताई गेल्या त्या आठवड्यात हा वाद रात्री उशिरापर्यंत चालला. दोघांनीही आपापली बाजू गाऊन पाहिली. आमच्या गळ्यातून काफीही सिद्ध होत नाही आणि भैरवीही.

सर आता नाहीत. यजमान आहेत, बरेच थकले आहेत असे कळते. त्यांचा दूरध्वनी क्रमांक आम्ही मिळवून ठेवला आहे. अजून लावलेला नाही.