पिवळी पिन

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने कधीतरी जुने यंत्र नव्या यंत्राला जोडण्याचा उद्योग नक्कीच केला असला पाहिजे. जुने यंत्र माळ्यावरून फुकट मिळते. पण त्याला बोलते करण्यासाठी जी दुसरी एक चिमुकली वस्तू लागते, तिची चौकशी मात्र मुलीसाठी स्थळ पाहावे तशी करावी लागते. कूळ कोणते, स्वभाव कसा, वर दाखवतात तेच आत आहे की आणखी काही. ही चौकशी मी यंदाच्या उन्हाळ्यात केली, आणि तीही हात राखून. कारण ज्या घरासाठी ती करायची होती, त्या घरात दर महिन्याला औषधांची चिठ्ठी आधी येते आणि बाकीचे सारे मागून.

घर लातूरचे, माझ्या थोरल्या भावाचे. दादाने १९९५ च्या सुमारास लातूरला बसस्थानकामागच्या एका बोळात दोन टीव्ही आणि दोन टीव्ही गेम मांडून दुकान थाटले होते. अर्ध्या तासाला तीन रुपये. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे लिटल मास्टरसारख्या नावांनी आपल्याकडे घरोघर आल्या. ज्यांच्या घरी त्या आल्या नाहीत, ती मुले दादाच्या बोळात आली. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र कोणी कोणाला शिकवले देव जाणे. पण नांदेडपासून लातूरपर्यंत प्रत्येक पोराला ते येत होते. ‘कॉन्ट्रा’ या खेळात कळा ठरावीक क्रमाने दाबल्या की तीस जीव मिळतात. दादाच्या दुकानात तो मंत्र म्हणायला बंदी होती. ‘तीन जीव मिळालेत ना? तेवढ्यात भागवा,’ असे तो म्हणे, आणि स्वतः तेवढ्यातच शेवटपर्यंत जाऊन दाखवी.

त्या दादाला आता कंपवात आहे. उजवा हात ताटाशी थरथरतो, सही वेडीवाकडी होते. फेब्रुवारीत पुतणीचा फोन आला. “काका, सकाळच्या गोळीनंतर दीड-दोन तास बाबांचे हात बरे असतात. तेवढ्यात त्यांचा एक खेळ नीट भरून ठेवायचाय. पुढच्या वर्षी जमेल का, कुणी सांगावं?”

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली. त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या तारा जोडण्याचे काम माझ्याकडे येते. तिने मोबाईलने टीव्हीचे चित्रण करून पाहिले होते. पण काचेच्या जुन्या टीव्हीवरून काळे पट्टे सरकत होते. मग कोणीतरी तोच खेळ संगणकावर उतरवून दिला. दादा पाच मिनिटे खेळला आणि म्हणाला, “हा फार घाई करायला रे.” तो खरे बोलत होता. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रे पडतात; आपल्या दूरदर्शनची पद्धत पाल, तिच्यात ५०. दादाचे यंत्र ५० चे. पंचवीस-तीस वर्षे बोटांत मुरलेला ताल एका नव्या पडद्याच्या सांगण्यावरून कसा बदलावा? तेव्हा तेच यंत्र, तोच टीव्ही, आणि त्यातून निघणारे चित्र संगणकात घेणारे एखादे स्वस्त साधन, असा बेत ठरला.

संगणक म्हणजे माझाच जुना लॅपटॉप. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० ची देखभाल कंपनीने थांबवली. असे कित्येक म्हातारे लॅपटॉप त्या दिवशी निवृत्त झाले. माझा त्याआधीच लिनक्सवर नांदत होता. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या यंत्राला कमी लेखत नाही. मात्र दारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची त्याला ओळख असेलच असे नाही. दुकानातल्या साधनाबरोबर जी छोटी तबकडी मिळते, ती विंडोजची. लिनक्सला ओळख असायला हवी ती आतल्या चिपची.

आता स्थळे दोन होती. पहिले, पिवळ्या पिनेचे चित्र एचडीएमआयमध्ये पालटणारी एक डबी आणि तिच्यापुढे एचडीएमआयचे चित्र संगणकात घेणारी दुसरी कांडी. या कांडीत बहुधा एमएस २१०९ ही चिप असते आणि लिनक्स तिला वेबकॅमसारखी लगेच ओळखते. खोक्यावर ‘४के’ असे ठळक छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की तेवढे मोठे चित्र ती आत घेते, बाहेर देते ते त्याहून लहान. दुसरे स्थळ म्हणजे पिवळी पिन थेट घेणारी जुन्या वळणाची यूएसबी कांडी, जिला बाजारात सरसकट ‘ईझीकॅप’ म्हणतात.

पहिले स्थळ दिसायला देखणे. पण खोट होती ती त्या मधल्या डबीत. नेहमीच्या टीव्हीत एक चित्र दोन हप्त्यांत येते; आधी विषम रेघा, मग सम. जुना टीव्ही गेम मात्र सगळे हप्ते त्याच त्या रेघांवर काढतो, म्हणजे त्याचा प्रत्येक हप्ता हेच पुरे चित्र असते. डबीला हे कळत नाही. ती दोन निरनिराळ्या क्षणांची वेणी घालते, आणि पळणाऱ्या गड्याच्या कडेला फणीचे दात फुटतात. एकदा घातलेली वेणी पुढे नीट सुटत नाही. शिवाय बहुतेक डब्या चौकोनी चित्र आडवे ताणतात. यूएसबी कांडी मात्र दोन्ही हप्ते आहेत तसे संगणकाच्या हाती देते. मग ते वेगळे करून ५० चित्रे मांडणे आपल्या हातात. म्हणून मी कांडी पसंत केली.

पण कांडीचे कूळ? बाहेरून अगदी एकसारख्या दिसणाऱ्या या कांड्यांत चार तऱ्हांच्या चिपा निघतात. सिंटेकची एसटीके ११६० असेल तर उत्तम. तिचा चालक २०१२ सालीच लिनक्सच्या गाभ्यात आला. यूटीव्ही ००७ चा २०१३ साली आला. एम्पियाचाही आहे. सोमॅजिकची निघाली तर मात्र गाभ्यात चालक नाही. तबकडीतून तिचा आतला मजकूर उपसून तिला भरवावा लागतो. वेष्टनावर यातले एक अक्षर नसते.

म्हणून मी लॅपटॉप काखेत मारून वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो. म्हटले, “लावून बघतो, ओळखली तर घेतो.” दुकानदार हसला. “काका, एकाच खोक्यातला माल आहे. फरक काय असणार?” मी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली. पहिली कांडी सोमॅजिक. दुसरीही सोमॅजिक. तिसरी सिंटेक! दुकानदार काउंटरवर वाकून पाहू लागला. चौथी त्यानेच हौसेने फोडून लावली. सातशे रुपये देऊन मी तिसरी घेतली. त्याने वहीच्या पानावर त्या कांडीचा नंबर उतरवून घेतला; पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल म्हणाला.

एस.टी.ने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने गोळी घेतली. मी यंत्र जुन्या टीव्हीला जोडले आणि टीव्हीच्या मागे जे ‘एव्ही आउट’चे भोक होते, तिथून कांडीला वायर नेली. त्यामुळे दादाच्या डोळ्यांसमोर चित्र विनाविलंब, आणि नक्कल माझ्याकडे. आधी थोडे भरून ते लॅपटॉपवर सरधोपट रीतीने, सेकंदाला २५ चित्रांनी, दाखवले. दादा पुढे सरकला. “माझा गडी कुठं गेला रे?” ‘कॉन्ट्रा’त एक जीव गेला की नवा गडी काही क्षण लुकलुकतो, एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. निम्मी चित्रे गाळली की तो समूळ नाहीसा होतो. मी दोन्ही हप्ते वेगळे करून ५० चित्रे मांडली. गडी लुकलुकत परत आला. “हां, आता बरोबर,” दादा म्हणाला आणि कळांचा पाट मांडीवर घेतला.

तो चौतीस मिनिटे खेळला. वहिनी दारात उभ्या होत्या. चहा ओट्यावर निवत होता, पण त्यांनी हाक मारली नाही. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा लागतो. तिथे दादाचा अंगठा थरथरला, गड्याने एकाऐवजी दोन उड्या घेतल्या आणि खाली गेला. दादा काही बोलला नाही. उरलेल्या दोन जिवांत तो शेवटपर्यंत पोचला.

दुपारी पुतणी चित्रण नीट लावीत बसली होती. धबधब्यापाशी थांबून तिने विचारले, “बाबा, एवढं काढून टाकू?”

“राहू दे,” दादा म्हणाला. “खेळलो तसं राहू दे.”

त्या चित्रणाच्या दोन प्रती केल्या. एक लातूरला पुतणीच्या कपाटात आहे, एक नांदेडला माझ्या. यंत्र मात्र माळ्यावर परत गेलेले नाही. सकाळच्या गोळीनंतर ते सुरू होते, आणि वहिनी आता चहा तिथेच आणून देतात.