हनुवटी खाली, नजर वर

मी लाथ मारायला शिकतोय. दोन वर्षं झाली. वस्तीतली पोरं विचारतात, "कुणाला हाणायची हाय?" आई विचारते, "त्यातनं पोटाला काय मिळतं?" पुण्यातले एक साहित्यिक गृहस्थ विचारत होते, "मग कवितेचं काय?" तिघांना वेगवेगळं उत्तर देत बसायला मला वेळ नाही. रात्रपाळी असते. म्हणून एकदाच लिहितो.

माझं गाव निमगाव केतकी, तालुका इंदापूर. तुकोबांची पालखी इंदापूरच्या आधी आमच्याकडं मुक्काम करते. तेवढ्या एका रात्रीपुरतं गाव सगळ्यांना ठाऊक असतं. बाकी वर्षभर पानमळे. इथली विड्याची पानं लांबलांबच्या बाजारात जातात. माझी आजी मळ्यात मजुरीला जायची. मळ्यात चप्पल घालून जायचं नाही. बाईनं विटाळाच्या दिवसांत तर पाऊलच टाकायचं नाही, वेल करपतो म्हणायचे. आजी म्हणायची, "येलाला माणसाचा इटाळ कळतो बघ, आन् मालकाला माणसाची भूक कळत न्हाई." हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

मी मळ्यात गेलो नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि सूतगिरणीत लागलो. रिंग फ्रेमवर. शेकडो चात्या, मिनिटाला हजारो फेऱ्या. धागा तुटला की सांधायचा, पुढं जायचं, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. कोरड्या हवेत धागा फार तुटतो म्हणून खात्यात हवा ओली ठेवतात. धाग्यासाठी. माणसासाठी कुणी काही ठेवत नाही. कापसाचं तूस नाकात, कानात, पापण्यांवर. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की जुन्या कामगारांची छाती आवळते. डॉक्टरी पुस्तकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. आमच्यात नुसतं "छाती धरली" म्हणतात. आठ तास माझं अंग फ्रेमचं असतं. पाय तिचे, बोटं तिची. घरी येतो ते उरलेलं.

इंदापुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये क्लास निघाला तेव्हा बोर्डावर किकबॉक्सिंग लिहिलं होतं. शिकवणारा पुण्यात सिक्युरिटीची नोकरी करता करता शिकून आलेला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आम्ही त्याला सर म्हणतो. सर म्हणाले, "खरं मी मुए थाई शिकवणार. पण तसं लिहिलं तर लोकांना चायनीजची गाडी वाटंल."

दोन्हींत फरक आहे. किकबॉक्सिंग हे नाव १९६० च्या दशकात जपानमध्ये पडलं, थाई खेळ बघूनच. त्यातनं पुढं कोपर गेलं, गळामिठी आखडली. मूळ थाई खेळात आठ हत्यारं. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या. तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मधे दोन-दोन मिनिटं दम खायचा. आठ हत्यारं ऐकून मला बरं वाटलं. आमच्या घरात कुणाच्या नावावर सातबारा नाही. ही आठ मात्र जन्मताच नावावर.

लढतीआधी थाई लोक गुरूला वंदन करतात, संथ नाचासारखं. वाय क्रू. त्यातलं "क्रू" म्हंजे आपला "गुरू"च, शब्द इथनंच तिकडं गेला. मी सरांना म्हटलं, "नमस्कार करतो, पण अंगठा मागायचा नाही." सर म्हणाले, "मूठ वळताना अंगठा आत घेतलास तर आपोआप मोडंल. मला मागायची गरजच नाही. बाहेर ठेव."

मग उभं राहायला शिकवलं. पंधरा दिवस नुसतं उभं राहणं. डावा पाय पुढं, टाच हलकी, हात कपाळाशी. आणि सारखं एकच बोंबलणं, "हनुवटी खाली, नजर वर!" कारण साधं. हनुवटीवर फटका बसला की डोकं गर्रकन फिरतं, आत मेंदू हलतो आणि माणूस कोसळतो. म्हणून हनुवटी छातीकडं दाबायची. नजर मात्र समोरच्याच्या छाती-खांद्यावर, कारण हातपाय निघायच्या आधी खांदा आणि कंबर हलते.

आता हे बघा, दोस्तांनो. आमच्या घरात तीन पिढ्यांना मान खाली घालायचं ट्रेनिंग. आजोबा गावातनं जाताना स्वतःच्याच पायाकडं बघत चालायचे. मान खाली गेली की नजरही खाली, दोन्ही एकच होतं. आणि इथं कुणीतरी सांगत होतं की मान जप, पण नजर देऊ नकोस. डोक्याला हे एका मिनिटात कळलं. मानेला कळायला तीन महिने लागले. शेडमध्ये जुन्या कपाटाचा आरशाचा दरवाजा टेकवून ठेवलाय, त्याच्यापुढं उभा राहायचो. सर काठीनं हनुवटी खाली ढकलायचे आणि माझे डोळे बरोबर जमिनीवर जायचे.

लाथेबद्दल थोडं सांगतो, कारण आपली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून भलतंच करतात. ही लाथ पावलानं मारत नाहीत, नडगीनं मारतात. आणि ताकद पायात नसते, कमरेत असते. टेकलेल्या पायाची टाच उचलून चवड्यावर फिरायचं, कंबर पूर्ण वळवायची, मग पाय आपोआप ओढला जातो. पाय ताठ ठेवला तर काठी, सैल सोडला तर चाबूक. नडगी टणक करायला पोरं बाटल्या घासतात, लोखंडी पाईपवर आपटतात. बंद करा हे. हाडाला भार दिला की ते त्या भाराप्रमाणं स्वतःला घडवतं, भरत जातं, हे युलियस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९२ सालीच लिहून ठेवलंय. पण त्याला महिने-वर्षं लागतात, आणि मधे विश्रांती लागते. नुसतंच आपटत राहिलं तर चीर पडते. आम्ही पोत्याची बॅग केली, आत आईच्या जुन्या साड्या आणि चिंध्या. वाळू भरू नका, ती खाली बसून दगड होते. बाकी पालखी मार्गाच्या कडेनं पहाटे धावणं आणि दोरीवरच्या उड्या. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं दोरी मारली आणि खोकून खोकून वाकलो. तेव्हा कळलं गिरणीनं किती श्वास ठेवून घेतलाय. खुराक म्हणाल तर भिजवलेला हरभरा नि अंडी. दूध-बदाम तालमीतल्या पैलवानांना लखलाभ.

पण मला खरं सांगायचंय ते गळामिठीचं.

थाई खेळात जवळ आलं की पंच लगेच सोडवत नाहीत. समोरच्याच्या मानेमागं दोन्ही तळवे टाकायचे, कोपरं त्याच्या छातीवर दाबायची, कपाळ त्याच्या गळ्याशी खुपसायचं, आणि त्याला खाली ओढत गुडघे मारायचे. यात अंतर नसतंच. त्याचा घाम माझ्या डोळ्यात, माझा त्याच्या तोंडात. माझा जोडीदार गावातला, बागायतदाराचा पोरगा. ज्या अंगाच्या सावलीचा एके काळी विटाळ मानला, ते अंग त्याच्या गळ्यात, आणि त्याची मान माझ्या पंज्यात. पहिल्यांदा असं धरलं तेव्हा पंधरा-वीस सेकंद मी मारायचंच विसरलो. साहित्यिक गृहस्थ विचारतात कवितेचं काय. त्या पंधरा सेकंदांना मला अजून शब्द सापडलेला नाही.

पोरगा चांगला आहे. एकदा सरावानंतर आम्ही चौघं त्याच्या घरी गेलो. तिघांना कपबशीत चहा. मला कागदी कपात. त्याच्या आईनं दिला, हसून दिला, वर बिस्किटं घे म्हणाल्या. त्यानं बघितलं. मी बघितलं. कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गळामिठीत त्यानं मान सोडूनच दिली, जोरच लावेना. मी म्हटलं, "लाव जोर. माफी अशी मागत नसतात." त्यानं मग असा गुडघा हाणला की दोन दिवस बरगडी धरून मी धागे सांधले. त्यानंतर तो माझ्या बाटलीतलं पाणी पितो, तोंड लावून. आणि घरी? घरी मी पुन्हा गेलो नाही. तो बोलावतो. मी म्हणतो, "आधी कप बदल, मग येतो."

पळवणकर बाळू आपल्याच पुण्यात क्रिकेट खेळला. चांभाराचा पोरगा. साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता, नेटमध्ये गोलंदाजी करत तयार झाला. त्याच्या फिरकीवर हिंदूंचा संघ गोऱ्यांना हरवायचा, म्हणून संघात घ्यावं लागलं. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातात. चहाच्या वेळेला मात्र बाळूला पॅव्हिलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या कुल्हडात. १९११ साली तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मातीचं कुल्हड जाऊन कागदाचा कप आला. प्रगती म्हणायची.

उगाच भारावून मात्र जाऊ नका. थायलंडमध्ये हा खेळ श्रीमंतांची पोरं खेळत नाहीत. लढणारे बहुतेक ईशान्येकडच्या इसान भागातले, भातशेतीवाल्या गरिबांच्या घरचे. आठ-नऊ वर्षांची पोरं रिंगणात उतरतात, भोवती पैसे लावणारे ओरडत असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथं १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागून गेला. तेवढ्या वयात त्याच्या शंभरावर लढती झालेल्या होत्या. आईचा प्रश्न तिथं बरोबर बसतो, त्यातनं पोटाला काय मिळतं. त्या पोरांना पोटाला मिळतं, म्हणूनच ती मरतात. मी लढती घेत नाही. आठ तास अंग विकून झाल्यावर उरलेलं पुन्हा बाजारात नेऊन बसवायची माझी तयारी नाही.

आता वस्तीतल्या पोरांचा प्रश्न. कुणाला हाणायची?

गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत गाण्यावरनं बाचाबाची झाली. समोरून दहा-बारा जण आले. आपली पोरं लगेच माझ्याकडं बघायला लागली. जसा काही मी बंदूक आणि घोडा त्यांच्या बोटाखाली. मी मधे जाऊन उभा राहिलो. हात उघडे, हनुवटी खाली, नजर वर. दोन-तीन धक्के छातीवर घेतले. हललो नाही, पाय कसे रोवायचे ते माहीत होतं. ढकलणाराच मागं सरकला. पोलीस आले, मिरवणूक पुढं गेली. पोरं नाराज. एक म्हणाला, "मग शिकलास कशाला साल्या?" त्याला सांगितलं की मी एक लाथ मारली असती तर आपली फिर्याद लिहून व्हायच्या आत त्यांची क्रॉस केस पोचली असती. ठाण्यात हे कसं चालतं ते तुम्हा कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर महाडात आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले लोक होते. ज्यांनी लढाया बघितल्या त्यांना ते लाठीवाले काय जड होते? बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मला यातलं एवढंच दिसतं की आवरायला लागावं अशी माणसं तिथं होती. त्यांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद करून टाकली होती, तुम्ही लढाऊ जातीचे नाही म्हणून. शिवराम जानबा कांबळे ती उघडा म्हणून अर्ज करत राहिले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. अंग तेच, कागद बदलले.

राहिली आजीची वेल.

बँकॉकचं लुम्पिनी स्टेडियम १९५६ साली सुरू झालं, आपल्या दीक्षेच्या वर्षी. लष्कराच्या ताब्यातलं, या खेळातलं मोठं ठिकाण. देश बुद्धाचा. खेळाडूच्या डोक्यावर मंतरलेलं कडं, दंडावर पवित्र कापड. आणि त्या रिंगणाला बाईनं हातसुद्धा लावायचा नाही. विटाळ होतो, खेळाडूला इजा होते, असा समज. दुसरीकडं जिथं बायका लढत, तिथंही पुरुषांनी वरच्या दोरीवरनं आत जायचं आणि बायकांनी सगळ्यात खालच्या दोरीखालनं. लुम्पिनीत बायका पहिल्यांदा लढल्या २०२१ साली. पासष्ट वर्षांनी. हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे आपला पानमळाच की."

बहीण अकरावीला आहे. तिला पोलीस भरतीला जायचंय. मी समाजमंदिरात पोतं टांगलं तेव्हा सगळ्यात आधी तीच आली, मैत्रिणी घेऊन. आणि विरोध गावातनं नाही आला. आपल्यातनंच आला. आमच्यातले एक वयस्कर, चळवळीत लाठ्या खाल्लेले, माझ्याबद्दल त्यांना प्रेम आहे, मलाही त्यांच्याबद्दल. ते म्हणाले, "पोरींनी समाजमंदिरात लाथा मारायच्या? शेजारी विहार आहे. पोरींचं काय नसतं, कुठल्या दिवशी कशी असंल." मी बोलणार होतो. बहीणच बोलली. "बाबा, बावीस प्रतिज्ञांत हे कितव्या नंबरला हाय?"

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कमिटीपुढं ठेवू."

कमिटीत दोन बैठका झाल्या, आवाज चढले, एकानं राजीनामा लिहिला नि खिशातच ठेवला. शेवटी पहाटेची वेळ दिली, पाच ते साडेसहा. अट एकच, रविवारी वंदनेच्या आधी सतरंज्या परत अंथरून ठेवायच्या. सध्या नऊ पोरी येतात आणि पाच पोरं. दोरखंड नाहीत, फरशीवर खडूची चौकट काढतो. रात्रपाळी असली की मी गिरणीतनं थेट तिकडंच जातो, अंगावर तूस असतं, पोरी हसतात. पोतं एकच आहे आणि ते फाटायला आलंय. कुणाकडं जाड पोतं आणि जुन्या साड्या असतील तर पाठवा. सुती असाव्यात. नायलॉनच्या आत घसरतात.