गुणतक्त्याच्या बाजूने

शाळकरी मुलांच्या बुद्धिबळात मोसमभराचा गुणतक्ता नको, असं मी बरीच वर्षं बैठकीत ठासून सांगत आलो. निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या स्पर्धांना कधी पंच म्हणून, कधी नुसताच टेबलं मांडायला जाणारा मी माणूस. आता मीच त्या तक्त्याची वकिली करतो, म्हणून जुने सहकारी टोमणे मारतात. मारू देत. गंमत अशी, की ज्या कारणासाठी मी विरोध करत होतो, नेमक्या त्याच कारणासाठी आज बाजू घेतोय.

प्रकार साधा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून वार्षिक परीक्षेच्या आधीपर्यंत एकेक दिवसाच्या स्पर्धा होतात. प्रत्येक स्पर्धेत वयोगटातल्या क्रमांकाला गुण: पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २. शिवाय जो शेवटच्या फेरीपर्यंत बसून सगळे डाव खेळेल त्याला, हरो की जिंको, १ गुण. मोसमाच्या शेवटी बेरीज. काही क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी मिळून ही कल्पना मांडली, तेव्हा मी वहीवर आकडेमोड करून दाखवली होती. सात स्पर्धांपैकी तीनच खेळून तिन्ही जिंकणाऱ्या मुलाचे ३३ होतात. सातही ठिकाणी जाऊन पाचवा येणाऱ्याचे ३५. म्हणजे विजेता कोण? जो कधीच जिंकला नाही तो! ‘हे बुद्धिबळ आहे की हजेरीपट?’ असं मी विचारलं आणि त्या दिवशी विषय तिथेच संपला.

दुसरा मुद्दा पैशाचा होता. प्रवेश फी, बसभाडं, दुपारचं खाणं, वर सोबतच्या मोठ्या माणसाचा बुडालेला दिवस. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईच्या पोराला हे महिन्याला एकदा परवडेल, दर रविवारी नाही. बेळगावातल्या गाडीवाल्या घराला परवडतं. तक्ता लावला की पैसेवाला वर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि आकड्यांमागे धावायची सवय मोठ्यांनाही कुठे सुटली आहे? २०२३च्या डिसेंबरात अलीरेझा फिरूझा जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत रेटिंगवर जागा मिळावी म्हणून फ्रान्समध्ये शार्त्रला घाईघाईने ठरवलेले सामने खेळला. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, ते रेटिंगला धरले नाहीत. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंतला एक जण हे करतो, तर आठ वर्षांच्या मुलाचा बाप काय करणार नाही?

मत एकदम फिरलं नाही. आधी एकदिवसीय स्पर्धेवरचा माझा भरवसा डळमळला. आपल्याकडे रविवारी साठेक मुलं येतात आणि स्विस पद्धतीने, म्हणजे दर फेरीत सारख्या गुणांच्यांची गाठ घालत, पाच फेऱ्या होतात. फेरीगणिक अपराजितांची संख्या निम्मी होत जाते, म्हणून पाच फेऱ्यांत एकच अपराजित उरायला बत्तीस खेळाडूंची मर्यादा आहे. साठांत पाचपैकी पाच गुणांवर दोघे राहू शकतात, आणि त्या दोघांची गाठ पटावर पडतच नाही. मग निकाल लावतो टायब्रेक. बहुधा तो बूखहोल्झ असतो, म्हणजे तुझ्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किती गुण केले त्याची बेरीज. पहिल्या फेरीत तुला भेटलेला पोरगा पुढचे सगळे डाव हरला, तर तुझा करंडक गेला. हे मुलाला समजावून सांगायची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्यालाच त्यातली पंचाईत कळेल. म्हणजे ‘एका दिवसात खरा खेळाडू कळतो’ हा माझा हेकाही तसा कच्चाच होता.

मग रेटिंग आहे की, असं कोणी म्हणेल. १ मार्च २०२४पासून फिडेने रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर नेला. त्याला त्यांची कारणं होती आणि ती पटण्यासारखीही आहेत. पण आमची बहुतेक पोरं त्या तळाच्या खाली खेळतात. वर्षभर घाम गाळून हजाराच्या ताकदीचा मुलगा बाराशेला आला, तरी जगाच्या यादीत त्याचं नावही दिसत नाही. शाळांच्या सरकारी स्पर्धांची शिडी केंद्र, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी आहे. निपाणीची मुलं चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात, बेळगाव शहरातली दुसऱ्या शैक्षणिक जिल्ह्यात. तालुक्याला एक वाईट दिवस गेला, ताप आला, घोडा फुकट गेला, की वर्ष संपलं. तेही शाळा सुरू होऊन फारसे महिने झालेले नसताना.

सीमाभागाची म्हणून एक वेगळीच अडचण आहे, ती बंगळूरला आणि पुण्याला कळत नाही. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. खेळायला कोल्हापूर जवळ. पण निवड व्हायची ती कर्नाटकातून. महाराष्ट्राच्या निवड स्पर्धेत आमच्या मुलांना जागा नाही. त्यात सीमाप्रश्न तापला की बसगाड्या बंद. २०२२च्या डिसेंबरात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय वातावरण होतं ते सगळ्यांनी पाहिलं. बस नाही म्हणून मुलाचा रविवार बुडतो, आणि त्या बुडालेल्या रविवारची भरपाई एकदिवसीय करंडकात कुठेच नसते.

तक्त्यात ती करता येते. उत्तम चार निकाल धरायचे, बाकीचे सोडून द्यायचे, एवढ्या एका कलमाने माझी जुनी आकडेमोड उलटली. तीन स्पर्धा जिंकणाऱ्याचे ३३ तसेच राहतात आणि सात ठिकाणी पाचवा येणारा २० वर थांबतो. पैशाचा मुद्दा यानेही पुरता सुटत नाही, हे कबूल. सात वेळा खेळणाऱ्याला चांगले चार निवडायला मिळतात, चारच वेळा येणाऱ्याला जे मिळेल ते. पण दरी बरीच भरते.

तरी माझं मत ज्याने बदललं ते हे कलम नव्हे. तो शेवटपर्यंत बसण्याचा १ गुण. तक्ता नसतानाच्या स्पर्धा मला पाठ आहेत: सकाळी हॉल गच्च, तिसऱ्या फेरीनंतर पाठीमागची टेबलं ओस, पाचव्या फेरीत शेवटच्या बोर्डांवर घड्याळाशेजारी एकेकटं पोर बसलेलं. समोरचा दोन डाव हरला म्हणून आईबाप त्याला घेऊन गेलेले. मी फिरत फिरत वॉकओव्हर लिहीत जायचो. पुढे तक्ता लागलाच, आणि ही रिकामी टेबलं कमी झाली. एकदा पाचव्या फेरीनंतर तिसरी-चौथीतली एक मुलगी टेबलापाशी आली. पाचही डाव हरली होती. शेवटच्या डावात वजिराला हात लागला म्हणून तोच हलवावा लागला आणि तो गेला, ते मीच पाहिलं होतं. ‘सर, माझा एक झाला न्हवं?’ म्हटलं, झाला. तिने कागदावर आपलं नाव शोधलं, त्यापुढचा आकडा बोटाने दाबून पाहिला आणि बाहेर थांबलेल्या आजीला ओरडून सांगितलं, ‘आज्जी, लिवलंय!’ पुढच्या स्पर्धेला ती आली. त्या आधी पाच डाव हरलेलं पोर पुढच्या वेळी परत आलेलं मला सहसा दिसलं नव्हतं.

आणि याचा फायदा वरच्या बोर्डांनाही होतो, हे मला फार उशिरा सुचलं. खालची मुलं शेवटपर्यंत खेळली की बूखहोल्झच्या बेरजेत वॉकओव्हरचा कचरा येत नाही. पहिल्या फेरीत ज्याला हरवलं तो पुढे खरोखर खेळून दोन गुण करतो, आणि करंडकाचा निकालही जरा खरा लागतो.

म्हणजे तक्ता हजेरी मोजतो हा माझा आरोप खरा होता आणि आजही खरा आहे. फक्त या वयात हजेरीच मोजायला हवी. ताकद मोजायला पट आहे, पुढे रेटिंग आहे. आमच्या भागातल्या जाणत्यांना हे ठाऊक असावं. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने उन्हाळ्यात एकापाठोपाठ स्पर्धा घेतल्या, त्या काय एका दिवसात हिरा सापडावा म्हणून? पोरांनी खेळत राहावं म्हणून.

गुकेशचं उदाहरण हल्ली तक्त्याच्या बाजूनेही आणि विरोधातही दिलं जातं. फिडे सर्किट हा मोठ्यांचा मोसमी तक्ताच. २०२३मध्ये त्यात उत्तम पाच निकाल धरले जात. वर्ष संपता संपता चेन्नईत एक स्पर्धा थोड्या मुदतीत उभी राहिली. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी दोघांचे सातपैकी साडेचार झाले, टायब्रेकवर गुकेश पहिला आला आणि सर्किटच्या गुणांच्या जोरावर कँडिडेट्सला गेला. एप्रिल २०२४मध्ये टोरांटोला ती जिंकली, १२ डिसेंबरला सिंगापूरला अठराव्या वर्षी जगज्जेता. ती स्पर्धा गुणांसाठीच भरवली, अशी कुजबुज तेव्हा झाली होती. मी ती कुजबुज करणाऱ्यांतलाच.

आता बैठकीत माझं भांडण वेगळ्या गोष्टींवर असतं. आठ वर्षांखालच्या गटाचा तक्ता भिंतीवर लावू नका, असं मी म्हणतो, कारण तो मुलं वाचत नाहीत, बाप वाचतात. मोसमाच्या बक्षिसात रोख रक्कम नको, पुस्तकं आणि घड्याळं द्या. आणि कोल्हापूरच्या खुल्या स्पर्धांपैकी निदान दोन तक्त्यात धरा. बेळगावकर याला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या स्पर्धांवर आपला ताबा नाही, निकाल वेळेवर येत नाहीत, आणि निपाणीकरांनाच त्याचा फायदा. शेवटचं खरं आहे. मग बेळगावच्या स्पर्धांचा फायदा आजवर कुणाला होत होता, एवढंच मी विचारलंय. पुढच्या बैठकीत हात वर करून ठरेल.